अकुन्यिली क्रॉस्बी, न्जिडेका

(१९८३ – ). नायजेरियात जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या समकालीन चित्रकर्ती. स्थलांतर, कौटुंबिक स्मृती आणि दुपेडी ओळख हे त्यांच्या चित्रांचे विषय. ते मांडण्यासाठी बंदर, सरहद्द, प्रवास अशा दृश्यांकडे त्या सहसा वळत नाहीत. दिवाणखाना, जेवणाचे टेबल आणि पलंग एवढ्यातच बहुतेक चित्रे घडतात.

जन्म आग्नेय नायजेरियातील एनुगू येथे, इग्बो कुटुंबात. वडील शल्यचिकित्सक. आई डोरा अकुन्यिली औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. २००१ पासून देशाच्या अन्न व औषध नियंत्रण संस्थेच्या प्रमुख म्हणून बनावट औषधांविरुद्ध त्यांनी चालविलेली मोहीम गाजली. न्जिडेका यांचे शालेय शिक्षण पुढे लागोसमध्ये झाले. आईला अमेरिकी ग्रीन कार्डाची सोडत लागल्याने १९९९ मध्ये न्जिडेका अमेरिकेत आल्या. स्वार्थमोर कॉलेज (२००४, जीवशास्त्र व कला), पेनसिल्व्हेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्स आणि येल विद्यापीठ (२०११) येथे शिक्षण. पती अमेरिकी गोरे. वास्तव्य लॉस अँजेलिस.

त्यांच्या स्थलांतराचे वर्णन पुष्कळदा ‘आफ्रिकेतून अमेरिकेत’ असे एका उडीत केले जाते, ते अपुरे आहे. आजीचे खेडे, एनुगूसारखे प्रांतिक शहर, लागोसचे महानगर आणि मग अमेरिका असे त्याचे टप्पे आहेत, आणि चित्रांतील वस्तू या सगळ्या टप्प्यांवरच्या आहेत. ‘मामा, ममी अँड मामा’ (२०१४) या चित्रात एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांच्या स्त्रिया आहेत. खेडे आणि परदेश यांतील अंतर तेथे पिढ्यांच्या अंतरातून मोजले जाते.

तंत्र : ही कामे चित्रे म्हणावीत, कोलाज म्हणावीत की मुद्राचित्रणाच्या जवळची मानावीत, याविषयी एकवाक्यता नाही. आधार कागदाचा असतो, तोही मोठा. अनेक कामे दोन मीटरहून रुंद आहेत. आकृत्या व सपाट रंगपृष्ठे ॲक्रिलिक, रंगीत पेन्सिल आणि कोळसा यांनी केलेली असतात. भिंत, जमीन, कपडे, क्वचित त्वचा अशा काही भागांवर मात्र छायाचित्रांचे दाट जाळे दिसते. नायजेरियन मासिके, कौटुंबिक अल्बम, गाण्यांच्या तबकड्यांची वेष्टने यांतील प्रतिमांची छापील प्रत कागदावर पालथी ठेवून, मागून द्रावक चोळून शाई उतरवितात. प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटते, म्हणून अक्षरे असलेली प्रत आधीच उलटवून घ्यावी लागते. शाई पूर्ण उतरत नाही. चेहरे फिके, विरलेले राहतात. द्रावकाने छायाचित्र उतरविण्याचा प्रयोग अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस केला होता, आणि काही समीक्षक ही परंपरा थेट तेथून आणतात. पद्धतीपुरते ते खरे आहे. राउशेनबर्ग यांच्याकडे मात्र प्रतिमा मोकळ्या पसरतात. येथे त्या फरशी, पडदा, झगा यांच्या आकारात बसविलेल्या असतात. त्यामुळे कापडाशी असलेले नाते अधिक निकटचे मानणे सयुक्तिक वाटते.

छापील कापड : पश्चिम आफ्रिकेत लग्न, अंत्यविधी, निवडणूक अशा प्रसंगी संबंधित व्यक्तीची छबी असलेले कापड छापून घेण्याची रीत आहे. डोरा अकुन्यिली २०११ मध्ये सिनेटच्या निवडणुकीस उभ्या होत्या. आईची छबी असलेले कापडही या चित्रांत आढळते. अशा कापडाला सरसकट ‘मेणछाप’ म्हटले जाते, पण छबीचे कापड बहुधा साध्या यंत्रछापाचे असते. खऱ्या मेणछापाचे मूळ जावाच्या बाटिकमध्ये, म्हणजे मेणाने नक्षी झाकून कापड रंगविण्याच्या पद्धतीत आहे. एकोणिसाव्या शतकात डच कारखान्यांनी बाटिकची यांत्रिक नक्कल केली. ती पुढे पश्चिम आफ्रिकेत खपू लागली. डच सैन्यात भरती होऊन १८३१ ते १८७२ या काळात जावाकडे गेलेल्या गोल्ड कोस्टच्या (आजचा घाना) सैनिकांनी ही आवड मायदेशी नेली, अशी जुनी उपपत्ती आहे. त्यांची संख्या सुमारे तीन हजार होती; तेवढ्यावर एवढी बाजारपेठ उभी राहणे अवघड दिसते. १८९० च्या दशकात एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग या स्कॉटिश व्यापाऱ्याने केलेल्या पद्धतशीर विक्रीकडे अलीकडील संशोधक बोट दाखवितात. ‘आफ्रिकन’ म्हणून ओळखले जाणारे कापड स्वतःच तीन खंडांचा प्रवास करून आलेले आहे, हे या चित्रांच्या संदर्भात ध्यानात ठेवावे.

शीर्षके : ‘५ उमेझेबी स्ट्रीट, न्यू हेवन, एनुगू’ (२०१२) यातील न्यू हेवन हा एनुगूचाच एक भाग. येल विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचे नावही न्यू हेवन. शेवटचा शब्द वगळून शीर्षक वाचले की पत्ता अमेरिकेतला होतो. ‘द ब्यूटिफुल वन्स’ ही बालकांच्या व्यक्तिचित्रांची मालिका २०१२ च्या सुमारास सुरू झाली. तिचे नाव घानाचे कादंबरीकार आयी क्वेई आर्मा यांच्या १९६८ मधील कादंबरीवरून, स्पेलिंगमधील हेतुपुरस्सर चुकीसह (Beautiful ऐवजी Beautyful), घेतलेले आहे.

या चित्रांचा अर्थ लावताना वसाहतोत्तर सिद्धांतकार होमी भाभा यांच्या ‘तिसऱ्या अवकाशा’च्या (दोन संस्कृतींच्या मध्ये घडणारी, दोहोंहून वेगळी जागा) संकल्पनेचा आधार घेण्याचा प्रघात आहे. तो निराधार नाही, पण त्यामुळे चित्रांतील जवळीक दुर्लक्षित राहते. ‘न्वांटिंटी’ (२०१२) मधील पलंगावरचे जोडपे हे आधी जोडपे आहे, सिद्धांताचे उदाहरण नंतर. रिकाम्या खोल्या आणि पाठमोऱ्या आकृत्या यांत डॅनिश चित्रकार विल्हेल्म हामरशॉय यांचा प्रभाव दिसतो.

२०१८ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भुयारी स्थानकाच्या प्रवेशद्वारावर ‘रिमेन, थ्रायव्हिंग’ हे भित्तिचित्र लागले. १९४८ मध्ये विंडरश जहाजातून कॅरिबियन लोक ब्रिटनमध्ये आले, त्याला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती; चित्रात त्या पिढीची नातवंडे एका दिवाणखान्यात जमली आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप. २०१९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत सहभाग. ‘प्रेडिसेसर्स’ (२०१३) हे द्विपट (दोन जोडफलकांचे चित्र) लंडनच्या टेट संग्रहात आहे. ‘ड्राउन’ (२०१२) हे चित्र नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले.