वेदना-पुनर्वसन, स्त्री-पुरुष भेद आणि वय : मोजपट्टीची पार्श्वभूमी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेवरील पुनर्वसनाचा लाभ स्त्रियांना अधिक होतो की पुरुषांना, तरुणांना की वृद्धांना, या प्रश्नाची उत्तरे अभ्यासागणिक बदलतात. ती का बदलतात हे समजून घ्यायचे, तर लाभ मोजण्याची पट्टी मुळात कोणासाठी तयार झाली होती, येथपर्यंत मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या मॅडिगन रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करताना जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाच्या ध्यानात आले की जखम भरल्यावरही मागे राहणारे दुखणे एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातले नसते. पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी अनेक शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र आणणारे वेदना-चिकित्सालय उभे केले. त्याच विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९६८पासून जी पद्धत मांडली, तिच्यातून आजचे वेदना-पुनर्वसन घडले. औषध दुखेल तेव्हा न देता घड्याळाच्या ठोक्यावर दिले जाई. ते सिरपमध्ये मिसळलेले असल्याने मात्रा हळूहळू उतरवली तरी चव आणि रंग तेच राहत. व्यायामही दुखू लागेपर्यंत करायचा नसे, तर आधी ठरलेल्या संख्येपर्यंत करायचा असे. दिवसातला किती वेळ आडवे पडून, किती बसून आणि किती उभ्याने गेला, हे रुग्ण स्वतः नोंदवहीत लिहीत.

ही नोंदवही स्त्री-पुरुष किंवा लहान-थोर असा भेद करत नव्हती. तो भेद नंतर शिरला. १९७० आणि १९८०च्या दशकांत अमेरिकेत अशी केंद्रे वाढली, तेव्हा कामावर जायबंदी झालेल्यांच्या उपचारांचा खर्च बहुधा कामगार-भरपाईच्या विम्यातून येत असे. साहजिकच रुग्ण पुन्हा कामावर रुजू झाला की नाही, हा यशाचा ठळक निकष ठरला. ज्या बाईचे काम पगारपत्रकावर कधी आलेच नाही, किंवा जो सत्तरीचा माणूस नोकरीतून केव्हाच निवृत्त झाला आहे, त्यांची सुधारणा या निकषात कोठे बसणार? माझ्या मते, पुढच्या अनेक गोंधळांचे मूळ येथे आहे.

संशोधनातही हीच उणीव होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७मध्ये गर्भधारणाक्षम स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याची सूचना केली. केंद्रीय निधीवरील वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक व्हायला १९९३ उजाडले. ‘पेन’ या वेदना-संशोधनाच्या नियतकालिकातील १९९६ ते २००५ या दहा वर्षांच्या प्राणी-अभ्यासांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी ७९ टक्के केवळ नरांवर झालेले आढळले. वृद्धांसाठी तर वयाची वरची मर्यादाच अनेक चाचण्यांच्या दाराशी उभी असे. त्याच अमेरिकेत सर्व वयोगटांच्या समावेशाचे धोरण २०१९मध्ये लागू झाले, म्हणजे स्त्रियांसंबंधीच्या कायद्यानंतर पाव शतकाने.

२००५मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे वेदना-पुनर्वसनाच्या कार्यक्रमातील रुग्णांवर झालेला अभ्यास या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. कार्यक्रम संपला तेव्हा स्त्रिया आणि पुरुष दोघेही सुधारले होते. तीन महिन्यांनी पुरुषांची सुधारणा टिकून होती, स्त्रियांनी सांगितलेली वेदना मात्र पुन्हा वाढली होती. वेदनेविषयीच्या भयग्रस्त विचारांशी या फरकाचा संबंध संशोधकांना दिसला. पण मोजणी उपचाराच्या शेवटच्याच दिवशी थांबली असती, तर फरक नाही असाच निष्कर्ष निघाला असता. घरी परतल्यावर कोणाच्या वाट्याला कोणते काम येते आणि विश्रांती किती मिळते, हे त्या भयाइतकेच तपासायला हवे, असे मला आग्रहाने वाटते.

पट्टी बदलण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. २००३मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने वेदना-चाचण्यांसाठी मोजावयाच्या मूलभूत बाबी ठरवल्या, त्यांत वेदनेच्या तीव्रतेसोबत शारीरिक हालचाल, मनःस्थिती आणि रुग्णाचे स्वतःचे मत यांना स्थान मिळाले. बहुशाखीय उपचारांसाठी २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच बाबींच्या यादीत उत्पादकतेची व्याख्या करताना पगारी आणि बिनपगारी, घरचे आणि बाहेरचे अशा दोन्ही कामांचा स्पष्ट उल्लेख आहे.