बुचाचा फ्लोट आणि लाखेचा लेप

पेट्रोलची वाफ हवेत मिसळायची कशी, याचं उत्तर पहिल्या मोटारी बनवणाऱ्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंत शोधलं. व्हिएन्नात सीगफ्रीड मार्कसने कार्बुरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, फिरता ब्रश बसवला. त्याच्या केसांवरून पेट्रोलचे तुषार उडत. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने वाती पेट्रोलमध्ये सोडल्या आणि त्यांच्यावरून हवा खेळवली. दोन्ही युक्त्या मागे पडल्या. बूच मात्र टिकलं, आणि मला त्याचंच जास्त कौतुक आहे.

1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टीचे कार्बुरेटर पाहा. आतल्या पेट्रोलच्या वाटीत बुचाचा फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडा, असे. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, सुई पेट्रोल आत येण्याच्या भोकात बसते आणि पुरवठा थांबतो. बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. तिच्या बंद पेशींत हवा कोंडलेली, म्हणून ती पेट्रोलवरही सहज तरंगते. पण कापलेल्या कडांतून आणि बारीक भेगांतून पेट्रोल हळूहळू आत मुरतं. फ्लोट जड होतो, सुई वेळेवर बसत नाही, वाटी भरून वाहते आणि इंजिन काळा धूर ओकू लागतं.

यावर उपाय होता लाखेचा. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तो शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि बुचावर त्याचे एकावर एक हात द्यायचे. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता.

लाखेच्या रेणूंत ऑक्सिजन असलेले गट भरपूर, पेट्रोल मात्र जवळजवळ निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनचं. म्हणून पेट्रोल लाखेला विरघळवू शकत नाही. अल्कोहोलचं तसं नाही. ज्या स्पिरिटमधून लेप दिला, त्याच जातीचं इथेनॉल आज आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. लेप मऊ पडतो, बूच उघडं होतं आणि सुटलेली लाख जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, चिकटून बसू शकते. इथे व्हिंटेज गाडी चालवणाऱ्यांनी हे आधी तपासावं, असं मला कळकळीने वाटतं. जुनी लाख काढून अल्कोहोलला दाद न देणारा लेप द्यावा, नाहीतर नायट्राइल रबराच्या फेसाचा फ्लोट बसवावा. जुन्या फ्लोटची शंका असेल तर तो कोरडा असताना बारीक काट्यावर तोलावा, दिवसभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवावा आणि वरून पुसून पुन्हा तोलावा. वजन वाढलं असेल तर लेप फुटलेला आहे.