विमानातील केबिनदाबाचा बिघाड

उडत्या विमानाच्या प्रवासीकक्षातील हवेचा दाब ठरलेल्या पातळीखाली घसरणे, याला केबिनदाबाचा बिघाड म्हणतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना कानात दडे बसतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. विमान ३५,००० फुटांवर असताना कक्षातला दाब ६,००० ते ८,००० फुटांवरील हवेइतका, म्हणजे चिखलदऱ्याच्या साधारण दुप्पट उंचीवरचा ठेवलेला असतो. बाहेर मात्र तो समुद्रसपाटीच्या जेमतेम एक चतुर्थांश असतो.

बहुतेक विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा थंड करून कक्षात सतत सोडली जाते आणि शेपटीकडील झडप ती मोजून बाहेर जाऊ देते. कक्ष हा एकदा फुगवून तोंड बांधलेला फुगा नव्हे. पंक्चर ट्यूबमध्ये पंप मारत राहावे तसा हा प्रकार आहे, फक्त येथील छिद्र हवे तितके लहानमोठे करता येते. झडप अडकली, हवेचा पुरवठा थांबला किंवा विमानाचे कवच फाटले, की दाब उतरू लागतो.

कवच फाटून दाब एकदम गेला तर धडाका होतो, धुके दाटते आणि काय घडले हे सर्वांना कळते. हळूहळू होणारी गळती अधिक फसवी असते. प्राणवायू कमी पडला तरी कर्बवायू उच्छ्वासावाटे बाहेर पडतच असल्याने जीव गुदमरत नाही. उलट हलके, कधी उल्हसित वाटते आणि विचारशक्ती नकळत मंदावते. ३५,००० फुटांवर दाब पूर्ण गेल्यास माणूस जेमतेम ३० ते ६० सेकंद भानावर राहून काम करू शकतो. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या विमानात दाबनियंत्रणाची कळ स्वयंचलितऐवजी हस्तचलित स्थितीत राहिली होती. इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ दुसराच घेतला आणि पुढे ते बेशुद्ध झाले. इंधन संपल्यावर विमान कोसळले व त्यातील सर्व १२१ जण दगावले.

म्हणून वैमानिकांच्या कार्यपद्धतीत निदानाला दुसरे स्थान आहे. कक्षातला दाब १०,००० फुटांवरील हवेइतका उतरताच इशारा वाजतो, तेव्हा दोघेही आधी आपापले मुखवटे चढवतात, आपसांतील बोलणे सुरू ठेवतात आणि मगच झडप व हवापुरवठा तपासतात. दाब आवरत नसेल तर इंजिनांचा जोर उतरवून, पंखांवरील हवारोधक उघडून विमान १०,००० फुटांपर्यंत झपाट्याने खाली आणले जाते. नियंत्रण कक्षाला ‘मेडे’ हा संकटसंदेश कळवला जातो आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डर यंत्रावर ७७०० हा आणीबाणीचा संकेत लावला जातो. कवच फाटल्याची शंका असल्यास मात्र वेग वाढवत नाहीत.

किती खाली येता येईल, हे खालच्या जमिनीच्या उंचीवर अवलंबून असते. लेहच्या वाटेवर हिमालय आड येतो, त्यामुळे तेथे सुटकेचे मार्ग आधीच आखावे लागतात. विदर्भात ही अडचण नाही: मेळघाटातील सर्वांत उंच डोंगरही ४,००० फुटांच्या आतच आहेत, आणि उतरायला नागपूरची लांब धावपट्टी आहे. धारणी किंवा गडचिरोलीच्या शिवारावरून विमान एरवीपेक्षा बरेच खालून जाताना दिसले, तर ते पडत आहे असे समजण्याचे कारण नाही.

प्रवाशांचे मुखवटे कक्षातला दाब १४,००० फुटांच्या आसपासच्या हवेइतका झाला की आपोआप खाली लोंबतात. मुखवटा ओढल्यावर बहुतेक विमानांत रासायनिक प्रक्रियेने प्राणवायू तयार होऊ लागतो आणि तो साधारण १२ ते १५ मिनिटे पुरतो. पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो. जळका वासही या प्रक्रियेचाच असतो. मुखवटा आधी स्वतःला व मग लेकराला लावावा, हे आईबापांच्या मनाला पटत नाही, पण लेकराला लावण्याइतकी शुद्ध मोठ्यांची राहायला हवी. खाली येताना कान दुखल्यास आवंढा गिळावा, तान्ह्याला दूध पाजावे.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी सुरू झालेल्या सेवेतील एटीआर ७२ या पंखेवाल्या विमानात असे लोंबते मुखवटे शोधू नयेत. ते विमान २५,००० फुटांपेक्षा वर जात नाही आणि काही मिनिटांत सुरक्षित उंचीवर उतरू शकते. गरजू प्रवाशाला कर्मचारी नेआण करता येणाऱ्या नळकांड्यातून प्राणवायू देतात.