ब्युंडनिस ९० आणि डी ग्रूनेन : एका नावातल्या दोन चळवळी

जर्मनीत निवडणूक आली की मराठी वर्तमानपत्रांत ‘ग्रीन पार्टी’ एवढंच छापून येतं. जर्मन माणूसही बोलताना नुसतं ‘ग्रूनेन’, म्हणजे हिरवे, असंच म्हणतो. पण पक्षाचं अधिकृत नाव लांबलचक आहे : ब्युंडनिस ९०/डी ग्रूनेन. ब्युंडनिस म्हणजे आघाडी. त्यामुळे पक्ष १९९० साली निघाला असावा, किंवा हिरव्यांनी त्या वर्षी कुठली तरी आघाडी करून तिचं नाव पुढे चिकटवलं असावं, असा समज होतो. दोन्ही चूक. नावातल्या तिरक्या रेघेच्या अलीकडे एक संघटना आहे, पलीकडे दुसरी. एक पूर्व जर्मनीतली, दुसरी पश्चिम जर्मनीतली. पर्यावरण, शांतता, लोकांचा थेट सहभाग हे शब्द दोघींच्याही तोंडी होते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

पश्चिमेकडचे हिरवे वयाने मोठे. त्यांची मुळं अणुऊर्जेविरुद्धच्या आंदोलनांत आहेत. १९७५ च्या फेब्रुवारीत देशाच्या नैऋत्य टोकाला व्हील गावाजवळ अणुवीज प्रकल्पाच्या जागेवर परिसरातल्या द्राक्षबागायतदारांनी आणि फ्रायबुर्गच्या विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला. तो प्रकल्प शेवटपर्यंत झाला नाही. १९७९ च्या डिसेंबरात नाटोने पश्चिम युरोपात नवी अण्वस्त्रं आणायचं ठरवलं आणि शांतता चळवळीची भर पडली. जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूहला पक्ष स्थापन झाला, तेव्हा सभागृहात माओवादी गटांतून आलेले तरुण होते, शेतकरी होते, पेट्रा केलींसारख्या गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंगना मानणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष सोडून आलेले हर्बर्ट ग्रुल यांच्यासारखे पक्के उजवेही होते. ही खिचडी शिजणं कठीणच होतं. ग्रुल वर्षभरात बाहेर पडले आणि पुढे त्यांनी स्वतःचा वेगळा पर्यावरणवादी पक्ष काढला. उरले ते बहुतांशी डावे.

त्यांची चार सूत्रं ठरली : पर्यावरण, सामाजिक न्याय, तळातून चालणारी लोकशाही आणि अहिंसा. टीकेचा रोख होता संपन्न देशाच्या अखंड ‘वाढी’वर, आणि ती वाढ चालवणाऱ्या संसदेवर, पोलिसांवर, मोठ्या पक्षांवरही. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं मिळवून ते पश्चिम जर्मनीची तेव्हाची राजधानी बॉन इथल्या संसदेत शिरले ते आम्लपावसाने वाळलेलं झाड आणि फुलांच्या कुंड्या घेऊन. सभागृहात काही सदस्य विणकाम करत बसत. खासदारकी कुणाची मिरासदारी होऊ नये म्हणून निम्मी मुदत झाली की राजीनामा देऊन पुढच्याला जागा द्यायची, असा नियम केला. ऐकायला छान, पण हाताखालचं काम जेमतेम समजतंय तोवर माणूस घरी जायचा. संसदेत राहून तडजोड करणारे ‘रेआलो’ आणि तडजोडीला नकार देणारे ‘फुंडी’ यांची भांडणं मग दहा वर्षं चालली. १९८५ मध्ये योश्का फिशर पांढरे स्पोर्ट शूज घालून हेसे राज्याचे पर्यावरणमंत्री झाले, ती रेआलोंची पहिली मोठी सरशी.

बर्लिनच्या भिंतीपलीकडे, पूर्व जर्मनीत, यातलं काहीच शक्य नव्हतं. तिथे प्रदूषण पश्चिमेपेक्षा कितीतरी भयंकर होतं, पण १९८२ पासून पर्यावरणाची आकडेवारीच सरकारी गुपित होती. हवेत किती गंधक आहे हे विचारणं म्हणजे सरकारला आव्हान देणं. म्हणून पूर्वेत पर्यावरणाचा प्रश्न सुरुवातीपासून माहितीच्या हक्काचा प्रश्न होता.

१९८६ मध्ये पूर्व बर्लिनच्या झिऑन चर्चच्या आवारात काही तरुणांनी ‘पर्यावरण ग्रंथालय’ उघडलं. खोल्या चर्चच्या, त्यामुळे थोडं संरक्षण. सायक्लोस्टाइल यंत्रावर ‘उमवेल्टब्लेटर’ नावाचं पत्रक निघायचं आणि त्यावर ‘केवळ चर्चच्या अंतर्गत वापरासाठी’ अशी ओळ असायची. नोव्हेंबर १९८७ मध्ये मध्यरात्री गुप्त पोलिसांनी, म्हणजे श्टाझीने, तिथे धाड घातली. त्यांना हवं होतं ‘ग्रेन्झफाल’ : ‘शांतता आणि मानवी हक्क पुढाकार’ या गटाचं पूर्णपणे बेकायदा नियतकालिक. त्या रात्री यंत्रावर होतं मात्र उमवेल्टब्लेटरच. यंत्रं जप्त झाली, पोरांना अटक झाली, आणि लोक चर्चबाहेर मेणबत्त्या लावून उभे राहिले. बातमी पश्चिमेच्या टीव्हीवर गेली. काही दिवसांत सगळ्यांना सोडावं लागलं.

ग्रेन्झफाल काढणारा तो गट, बेर्बेल बोलाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९८९ मध्ये सुरू केलेला ‘नॉयेस फोरम’, आणि त्याच महिन्यात निघालेला ‘डेमोक्राटी येट्स्ट’, म्हणजे ‘आता लोकशाही’, या तिघांनी फेब्रुवारी १९९० मध्ये निवडणुकीसाठी हातमिळवणी केली. तेच ब्युंडनिस ९०. हे लोक संसदेकडे संशयाने पाहत नव्हते; खरी संसद मिळावी म्हणून तर त्यांनी पोलिसांचा ससेमिरा सोसला होता. पश्चिमेच्या हिरव्यांना जी लोकशाही तोकडी वाटत होती, ती यांना अजून पाहायचीही होती.

बरं, ब्युंडनिस ९० म्हणजे ‘पूर्वेकडचे हिरवे’ असंही नाही. पूर्वेत नोव्हेंबर १९८९ मध्ये एक स्वतंत्र ग्रीन पार्टी निघाली होती. मार्च १९९० च्या पूर्व जर्मनीच्या पहिल्या आणि शेवटच्या मोकळ्या निवडणुकीत ती वेगळी लढली. ब्युंडनिसला २.९ टक्के मतं पडली. ज्यांनी १९८९ च्या क्रांतीची जोखीम घेतली, त्यांना मतदारांनी फारसं विचारलं नाही. त्यांना नवी राज्यघटना करून पश्चिमेशी सावकाश एक व्हायचं होतं. लोकांना पश्चिमेचं चलन, म्हणजे मार्क, हवं होतं, तेही लगेच.

खरी गंमत झाली डिसेंबर १९९० मध्ये, एकीकरणानंतरच्या पहिल्या निवडणुकीत. देश एकत्र येण्याच्या चर्चेने भारलेला असताना पश्चिमेच्या हिरव्यांचं पोस्टर म्हणत होतं : सगळे जर्मनीबद्दल बोलतात, आम्ही हवामानाबद्दल बोलतो. आज ते द्रष्टं वाटेल, तेव्हा निव्वळ आगाऊपणा ठरला. संसदेत शिरायला किमान ५ टक्के मतं लागतात; घटना न्यायालयाच्या निकालामुळे ही अट या एका खेपेपुरती पूर्व आणि पश्चिमेत वेगवेगळी लागू होती. पश्चिमेत हिरव्यांना ४.८ टक्के मिळाले आणि त्यांचे खासदार शून्यावर आले. पूर्वेत ब्युंडनिस ९० आणि तिथल्या हिरव्यांच्या संयुक्त यादीने ६ टक्के ओलांडले आणि ८ जण निवडून आले. इतर मोठे पक्ष पूर्वेकडचे पक्ष गिळत सुटले होते. आपण तसं करायचं नाही, म्हणून हिरव्यांनी मतदान होईपर्यंत विलीनीकरण थांबवलं होतं. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची ग्रीन पार्टी एक झाली ती मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. आधीच एक पक्ष म्हणून लढले असते तर पूर्वेतल्या टक्केवारीवर पश्चिमेची मतंही वाचली असती. तत्त्वासाठी एवढी किंमत मोजणारा पक्ष विरळा. हिशेबाला इतका कच्चा पक्षही विरळाच.

या पराभवाने फुंडींचं कंबरडं मोडलं. १९९१ मध्ये खासदारांच्या अदलाबदलीचा नियम गेला, फुंडींच्या नेत्या युटा डिटफुर्ट आणि त्यांचे डावे साथी बाहेर पडले. ब्युंडनिसशी बोलणी सोपी झाली ती त्यामुळेच. मे १९९३ मध्ये लाइप्झिगला दोघं एक झाले. पश्चिमेचे सदस्य दसपटीहून जास्त होते, तरी नावात पहिला मान ब्युंडनिसला मिळाला.

फरक पुढेही जाणवत राहिला. बोस्निया पेटलं तेव्हा पश्चिमेकडचे बहुतेक हिरवे ‘पुन्हा युद्ध नको’ यावर अडून होते, तर गेर्ड पोप्पे यांच्यासारखे पूर्वेकडचे लोक विचारत होते की माणसं मारली जात असताना बघत बसणं ही कसली शांतता. १९९९ मध्ये कोसोवोसाठी पक्षाने लष्करी हस्तक्षेपाच्या याच वाटेवर पाऊल टाकलं, आणि बीलेफेल्डच्या अधिवेशनात परराष्ट्रमंत्री फिशर यांच्या कानावर लाल रंगाने भरलेली पिशवी येऊन फुटली. श्टाझीची कागदपत्रं खुली ठेवण्याचा आग्रहही पूर्वेकडचाच. ब्युंडनिसच्या मारियान्ने बिर्टलर पुढे त्या दप्तराच्या प्रमुख झाल्या.

मतं मात्र पश्चिमेत. २०२४ मध्ये थुरिंगिया आणि ब्रांडेनबुर्ग या पूर्वेकडच्या राज्यांत पक्ष विधानसभेबाहेर फेकला गेला. हिरव्यांचे पहिले मुख्यमंत्री म्हणून विनफ्रीड क्रेचमान यांचं नाव घेतात. ते २०११ मध्ये पश्चिमेतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गचे झाले. पण १९९० मध्ये ब्युंडनिस ९० तर्फे ब्रांडेनबुर्गचे पर्यावरणमंत्री झालेले मातियास प्लाट्सेक २००२ मध्येच तिथले मुख्यमंत्री झाले होते. १९९३ चं विलीनीकरण त्यांना पटलं नव्हतं. मुख्यमंत्री झाले ते सोशल डेमोक्रॅट पक्षातून.