एमसीबीला न दिसणारा दोष

घराला शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचे बातम्यांत नेहमी वाचायला मिळते. वास्तविक शॉर्ट सर्किट झाल्यास सुस्थितीतील एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढताच आपोआप पडणारा स्विच, क्षणार्धात वीज तोडतो. खरा फसवा दोष असतो तो सैल जोडणीचा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या सॉकेटमधील स्क्रू ढिला होऊन तेथे अर्धा ओहम रोध जरी निर्माण झाला, तरी त्या एका टोकाशी जवळपास ३८ वॅट उष्णता सतत निर्माण होते, म्हणजे भिंतीतल्या डबीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखेच. आणि वायरीवरचे साधे पीव्हीसी आवरण तर ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. प्रवाह वाढलेला नसल्याने, किंबहुना किंचित घटलेलाच असल्याने, १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी सारे आलबेल असते. वीज जमिनीत गळत नसल्याने गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबीही पडत नाही.

अशा सांध्यात पुढे ठिणग्या पडू लागतात. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. प्रत्येक वेळी ठिणगी विझते, पुन्हा पेटते, आणि तारांमध्ये उच्च वारंवारितेचा गोंगाट उमटतो. ठिणग्या पकडणारी उपकरणे हाच गोंगाट शोधतात. अडचण अशी की मिक्सरच्या किंवा ड्रिलच्या मोटारीतील कार्बन ब्रशही ठिणग्या पाडतात, त्यामुळे निरुपद्रवी ठिणगी आणि घातक ठिणगी यांतील फरक ओळखणे हेच या तंत्रज्ञानातील सर्वांत कठीण काम आहे.

अमेरिकेत २००२पासून नव्या घरांच्या शयनगृहांसाठी असे ठिणगीरोधक ब्रेकर विद्युत संहितेने आवश्यक ठरवले. तेथीलच व्हिस्कर लॅब्ज या कंपनीचे ‘टिंग’ वेगळ्या पद्धतीने काम करते. सॉकेटमध्ये खोचायचे हे छोटे उपकरण व्होल्टेजची सेकंदाला सुमारे ३ कोटी वेळा नोंद घेते आणि वाय-फायवरून माहिती पाठवते. धोक्याची चिन्हे दिसल्यास कंपनी घरमालकाला कळवते. सैल न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यासारखे दोषही त्यातून लक्षात येतात. काही विमा कंपन्या ते ग्राहकांना मोफत देतात, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण आगीची भरपाई त्यांनाच करावी लागते.

मात्र टिंग वीज तोडत नाही, केवळ सूचना देते. शिवाय सांधा ठिणगी न पाडता नुसताच लालबुंद तापत राहिला, तर गोंगाट फारसा होत नाही आणि दोष निसटू शकतो. टिंग तेथील १२० व्होल्टच्या सॉकेटसाठी बनवले आहे. २३० व्होल्टच्या घरांसाठी आयईसी ६२६०६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनणारे, डीबीमध्येच (एमसीबी असलेल्या वितरण पेटीतच) बसणारे एएफडीडी, म्हणजे ठिणगी ओळखणारी उपकरणे, मिळतात. ते वीज तोडतात, पण तापलेल्या निःशब्द सांध्यापुढे त्यांचीही तीच मर्यादा आहे. गिझरचा प्लग तापत असेल किंवा सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसत असेल, तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून तो सॉकेट बदलून घ्यावा. नुसता स्क्रू आवळून जळका पितळी भाग पूर्ववत होत नाही.