पदकांवरील जुने जर्मन हस्ताक्षर

दोन्ही महायुद्धांतील जर्मन लष्करी पदकांच्या पाठीवर टोकदार वस्तूने ओरखडलेला मजकूर वाचण्याची पद्धत. हा मजकूर पुष्कळदा कुरेंट किंवा झ्युटरलीन या धावत्या लिपींत असतो. आज जर्मनीतही या लिपी वाचणारे थोडेच उरले आहेत, त्यामुळे आजोबा-पणजोबांचे पदक हाती आलेल्या कुटुंबालाही त्यावरचे नाव लागत नाही.

असा मजकूर सर्वाधिक सापडतो तो ‘आयर्न क्रॉस’वर. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने १० मार्च १८१३ रोजी हे पदक सुरू केले. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. दुसऱ्या श्रेणीचा क्रॉस फितीला लटकतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठसे असल्याने लिहायला फारशी जागा नसते. पहिल्या श्रेणीचा क्रॉस मात्र पिनेने छातीवर लावायचा असतो. त्याची पाठ कोरी, अनेकदा चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेली. नाव, पलटण, तारीख, लढाईचे ठिकाण तिथेच आढळते. काहींनी ते सराफाकडून रीतसर कोरून घेतले. ती अक्षरे बहुधा सुवाच्य असतात. कस लागतो तो चाकूच्या टोकाने किंवा खिळ्याने स्वतःच केलेल्या ओरखड्यांपाशी.

कुरेंट ही सोळाव्या शतकापासून चालत आलेली, टोकदार लेखणीने लिहायची तिरपी लिपी. उतरती रेघ जाड, चढती बारीक, असा तिचा डौल. ती मुलांना सोपी व्हावी म्हणून प्रशियाच्या शिक्षण खात्याने १९११ मध्ये बर्लिनचे चित्रकार लुडविग झ्युटरलीन (१८६५–१९१७) यांच्याकडे काम सोपवले. त्यांनी एकसारख्या जाडीची, उभी, गोलसर लिपी घडवली आणि १९१५ पासून ती प्रशियाच्या शाळांत आली. १९४१ मध्ये नाझी राजवटीनेच या लिपी शाळांतून काढून टाकल्या. त्यानंतर शिकलेल्या मुलांना घरातली जुनी पत्रेही परकी झाली. मोडी शाळेतून गेल्यावर आपल्याकडच्या दप्तरांचे जे झाले, तेच इथेही घडले.

कुरेंटमध्ये रोमन ‘एन’ म्हणजे दोन उभ्या रेघा, ‘ई’ म्हणजेही दोनच, फक्त जवळजवळ ओढलेल्या. ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या लहानशा कमानीवरून. कागदावर हे फरक डोळ्याला सरावाने कळतात. धातूवर मात्र लेखणीचा जाड-बारीकपणा येत नाही, वळणे मोडून सरळ तुकडे होतात, हात घसरतो, कमान राहून जाते. ‘हाइनेमान’ हे आडनाव घ्या. पहिल्या अक्षरानंतर सलग पाच अक्षरे मिळून दहा उभ्या रेघा येतात, आणि आधाराला एकच टिंब. शेवटचे जोड ‘एन’ काही जण एकदाच लिहून वर आडवी रेघ देत. ती पुसट झाली की नाव एका अक्षराने आखूड होते. म्हणून जाणकार आधी अक्षरे लावत नाहीत, रेघा मोजतात.

रेघा दिसण्यासाठी प्रकाश बाजूने, पदकाच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर असा टाकावा लागतो. प्रकाशाला आडवा जाणारा ओरखडा उठून दिसतो, समांतर जाणारा नाहीसा होतो. त्यामुळे एका छायाचित्रावर कधीही विसंबू नये. पदक जागेवर ठेवून दिवा चहूबाजूंनी फिरवावा आणि प्रत्येक कोनातून चित्र घ्यावे. पदक घासणे, पॉलिश करणे किंवा ओरखड्यांत शाई भरणे पूर्णपणे टाळावे. उथळ ओरखडा एकदा झिजला की तो परत येत नाही.

लिपीवरून लिहिणाऱ्याची पिढीही कळू शकते, आणि हा या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. १९१४ मध्ये विशीत असलेला सैनिक झ्युटरलीन लिपी येण्याआधीच शाळेतून बाहेर पडला होता. त्याच्या हातची लिपी कुरेंटच असणार. पहिल्या महायुद्धाच्या क्रॉसवर शुद्ध झ्युटरलीन वळण दिसले, तर ते पुढे मुलाने किंवा मुलीने आठवणीसाठी लिहिलेले असू शकते, नाहीतर किंमत वाढवण्यासाठी कुणी अलीकडे केलेली बनवाबनवी. जुन्या ओरखड्याच्या तळाशी धातू काळवंडलेला असतो; तळ लखलखीत असेल तर संशय घ्यावा. नुसत्या रोमन अक्षरांवरून मात्र काही ठरवू नये. जर्मन मजकुरातही विशेषनामे रोमन वळणात लिहिण्याची रीत होती.

जागा थोडी असल्याने संक्षेप पुष्कळ. पलटणीची आद्याक्षरे व क्रमांक, हुद्द्याचे तुटक रूप, ‘गेफालन’ म्हणजे धारातीर्थी पडला याचा ‘गेफ.’, तारखेत आधी दिवस, मग महिना, तोही कधी रोमन अंकात. जर्मन ‘एक’ची चढती रेघ लांब असल्याने तो ‘सात’ वाटतो. ‘८००’ हा ठसा सैनिकाचा क्रमांक नसून चांदीची शुद्धता सांगतो. जे अक्षर लागत नाही ते चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवावे. घरातल्या माणसाचे नाव दिसावे ही आस स्वाभाविक आहे, पण ती मोकळ्या जागा भरू लागली की वाचन बिघडते.

लागलेले वाचन १९१४ ते १९१९ या काळात छापलेल्या सैनिकहानीच्या अधिकृत याद्यांशी आणि त्या तारखेला ती पलटण कुठे होती याच्याशी ताडून पाहतात. प्रशियाच्या सैन्याची बहुतेक कागदपत्रे एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडाम येथील लष्करी दप्तरखान्यावर पडलेल्या बाँबमुळे जळाली, त्यामुळे तिथल्या सैनिकांबाबत हा ओरखडाच मोठा पुरावा ठरू शकतो. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या सैन्याच्या नोंदवह्या मात्र म्युनिकला शाबूत आहेत. पदकावर बव्हेरियन पलटणीचा उल्लेख निघाला, तर त्या वह्यांत सैनिकाचे जन्मगाव, व्यवसाय आणि जखमांची नोंदही मिळू शकते.