घरावर सोलर बसवताय? अर्जाआधी वीजबिल नीट वाचा (महावितरण ग्राहकांसाठी)

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती ग्राहकाचं अनुदान ठरलेलं आहे. पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000. त्यापुढे कितीही किलोवॅट बसवा, 78,000 च्या वर एक रुपया मिळत नाही. योजना 2026-27 पर्यंत आहे. पण अनुदान मिळतंय म्हणून सोलर प्रत्येकाला परवडतंच, असं नाही.

आधी हिशोब

गेल्या 12 महिन्यांची युनिट्स काढा, रुपये नकोत. फक्त मे महिन्याचं बिल बघून ठरवलं तर गरजेपेक्षा मोठा प्लांट गळ्यात पडतो. आपल्याकडे 1 किलोवॅट वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण 120 युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी. त्याला सावली नसलेली सुमारे 100 चौरस फूट जागा लागते.

खरा फायदा वीजदराच्या स्लॅबमध्ये, म्हणजे टप्प्यांमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतरचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या जवळपास दुप्पट महाग पडतं. सोलर आधी हीच महाग युनिट्स कापतं. समजा महिन्याला 250 युनिट वापर आहे, सरासरी बिल 2,600 रुपये येतं आणि सोलरनंतर 300 वर उतरेल. 2 किलोवॅटचा खर्च 1,30,000 धरला, तर अनुदान वजा जाता 70,000 उरतात. वर्षाची बचत 27,600, म्हणजे अडीच वर्षांत पैसे वसूल. याउलट 80 युनिटवाल्या घरात वर्षाला जेमतेम पाच-साडेपाच हजार वाचतील आणि 1 किलोवॅटचे पैसे सुटायला सहा-सात वर्षं जातील. अशा घरांनी आधी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजना बघावी. त्यात दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 मिळतात आणि स्वतःचे 2,500 भरावे लागतात.

बिल अगदी शून्य होईल असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. स्थिर आकार भरावाच लागतो. वापरून उरलेली जास्तीची युनिट्स महावितरणच्या लाइनमध्ये जातात आणि पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होतात, पण आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिली तर महावितरण ती कमी दराने घेतं. म्हणून वापरापेक्षा मोठा प्लांट घेऊ नये. आणखी एक: बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

पात्रता आणि कागद

घरगुती वीजजोडणी, स्वतःचं छत आणि पूर्वी सोलरचं अनुदान घेतलेलं नसणं, एवढ्या मुख्य अटी. फ्लॅटवाल्यांना गच्चीच्या वापरासाठी सोसायटीची लेखी परवानगी हवी. ताजं वीजबिल, आधार, मालमत्ता कराची पावती (गावात नमुना 8), रद्द केलेला चेक आणि छताचा फोटो तयार ठेवा.

सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडकतात. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, आधार नातवाचं आणि बँक खातं सूनबाईंचं, असं असेल तर अनुदानाच्या वेळी गाडी अडते. आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या, थकबाकी भरा, मगच अर्जाला हात घाला.

अर्ज

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. मग पोर्टलच्या यादीतलाच व्हेंडर निवडा. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर अनुदान गेलं. किमान तीन कोटेशन घ्या.

कोटेशनमध्ये ‘डीसीआर पॅनेल’ हे शब्द हवेतच. म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. नॉन-डीसीआर स्वस्त पडतात, पण त्यांवर अनुदान नाही. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची क्षमताही बघा. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत जे कमी, त्यावर अनुदान मोजतात. 540 वॅटची 6 पॅनेल म्हणजे 3.24 किलोवॅट, पण इन्व्हर्टर 2 किलोवॅटचा असेल तर 60,000 च मिळतील.

जागा ठरवताना सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली बघा. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घसरू शकतं. डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत सोडणारा दांडा) यांचं अर्थिंग वेगवेगळं करून घ्या; खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात जोडणारे असतात.

काम झालं की व्हेंडर पॅनेलचे क्रमांक आणि फोटो पोर्टलवर चढवतो, महावितरण तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही युनिट्स मोजणारं मीटर) बसवतं आणि कार्यान्वित झाल्याची नोंद होते. त्यानंतर बँक तपशील भरून अनुदानाची मागणी तुम्हालाच करायची असते. ही पायरी बरेच जण विसरतात. रक्कम थेट खात्यात येते, साधारण 30 दिवसांत.

करारात व्हेंडरची 5 वर्षांची देखभाल लिहून घ्या, आणि पैशांचा शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा.